पाणीदार पाते आणि पाण्याचा डाग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात एकत्र जमतो, त्यांनी आम्हांला आठवीच्या वर्गात लोखंडाच्या गंजण्याचा धडा शिकविला होता. फळ्यावर सूत्र लिहून झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या वस्तऱ्याला रोज पाणी लागते, तरी त्यावर गंज का चढत नाही, हे घरी विचारून ये." माझे वडील व्यवसायाने नाभिक. खानदेशातून तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेने ते सुरतेत आले आणि धोकटी काखेत मारून त्यांनी संसार उभा केला. वर्गात ही गोष्ट सांगण्याची मला लाज वाटत असे, आणि गुरुजींनी तर ती सर्वांदेखत उच्चारली. मी खाली मान घालून घरी गेलो आणि प्रश्न विचारला. वडील वस्तरा पुसता पुसता म्हणाले, "चढत नाही कसा? चढतो. मी चढू देत नाही."

हे उत्तर मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. गुरुजींनी ते फळ्यावर सूत्राच्या खाली लिहिले. त्या दिवसापासून मला वडिलांच्या धंद्याची लाज वाटली नाही. पुढे आयुष्यभर मी रसायनशास्त्र शिकविले. परंतु त्या एका वाक्याचा पुरता अर्थ मला फार उशिरा, २००६ च्या पुरानंतर कळला. आज त्याच वाक्याचे विवरण आपल्यासमोर मांडावयाचे योजिले आहे. विषय लहान आहे : वस्तऱ्याच्या पात्यावर पडणारा पाण्याचा डाग. तो का पडतो, तो पडू नये म्हणून काय करावे आणि पडलाच तर तो कसा काढावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पाते म्हणजे काय

आपल्या भाषेत चांगल्या शस्त्राला 'पाणीदार' म्हणतात. तापलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात एकाएकी बुडवून कठीण करण्याच्या क्रियेला 'पाणी देणे' असा शब्द आहे. वस्तऱ्याच्या जुन्या पोलादात साधारणपणे शंभर भागांत एक भाग किंवा किंचित अधिक कार्बन असतो. लालभडक तापवून पाणी दिल्यावर हे पोलाद काचेसारखे कठीण, पण तितकेच ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. ज्या पाण्याने पात्याला पाणीदार केले, तेच पाणी पुढे त्याचा वैरी होते, हा या विषयातला मूळ विरोध आहे.

या पोलादाच्या इतिहासात आपल्या पश्चिम किनाऱ्याचाही वाटा आहे. इंग्लंडमधील शेफील्ड गावी बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळविलेले एकजीव पोलाद तयार केले आणि तेव्हापासून शेफील्डच्या वस्तऱ्यांची कीर्ती पसरली. त्याच शतकाच्या अखेरीस मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' या भारतीय पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडे आणि हत्यारे घडविणारे जेम्स स्टोडार्ट या दोघांनी वुट्झचा अभ्यास करून पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. अधिक चांगली धार मिळेल काय आणि हवेपाण्याने कमी खराब होणारे पोलाद साधेल काय, हे त्यांचे प्रश्न होते. विजेच्या संशोधनासाठी ज्याला आपण ओळखतो, त्या फॅरडेला वस्तऱ्यावरचा डाग क्षुल्लक वाटला नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पात्याची रचनाही समजून घेतली पाहिजे. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि तेथून दोन्ही बाजू निमुळत्या होत धारेपाशी मिळतात. धारेचा कोन सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतो. दाढीचा केस मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतका जाड. परंतु चांगल्या पाजळलेल्या धारेचे टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मे किंवा त्याहून बारीक असते. पात्याच्या सपाट अंगावर गंजाने केलेला खळगा डोळ्याला जेमतेम दिसतो आणि तेथे तो राहिला तरी बिघडत नाही. तोच खळगा धारेवर पडला तर तेथे धार उरतच नाही; तेथे दातरा पडतो आणि तो गिऱ्हाइकाच्या गालाला कळतो. डागाचे महत्त्व त्याच्या आकारावर नसून जागेवर आहे.

एका थेंबात काय घडते

'पाण्याचा डाग' या एका नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी येतात. त्या वेगळ्या ओळखणे हेच या व्याख्यानाचे मर्म आहे, असे म्हटले तरी चालेल.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्याने मागे ठेवलेला क्षार. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून गेले की ते पांढुरक्या पापुद्र्याच्या रूपाने मागे राहतात. कठीण पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही आणि एक चिकट मळ तयार होतो. तोही पात्याला धरतो. हा डाग बहुधा कड्यासारखा गोल दिसतो. टेबलावर सांडलेल्या चहाचा थेंब वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद दिसतो, हे आपण रोज पाहतो. थेंबाची कड जागेवर खिळलेली असते व तेथले पाणी लवकर उडते. ती तूट भरून काढण्यासाठी आतील पाणी कडेकडे वाहते आणि आपल्याबरोबर कण घेऊन जाते. या साध्या दृश्याची शास्त्रीय उपपत्ती रॉबर्ट डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केली. अशा डागात पोलादावर काहीतरी अधिक येऊन बसलेले असते. पोलाद स्वतः अजून शाबूत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे गंज. येथे पोलादाचा अंश नाहीसा झालेला असतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात लोखंडावरच्या मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाचा जो अभ्यास केला, तो आजही शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. त्यात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन यांचे थोडे द्रावण मिसळावे. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग आणि कडेला गुलाबी रंग दिसू लागतो. याचा अर्थ असा की, थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्याने हवेतील प्राणवायू तेथे सहज पोहोचतो, मध्यभागी पोहोचत नाही. या विषमतेमुळे एकाच थेंबात एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो. मध्यभागचे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागते, कडेचा प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तांबूस गंजाचे कडे जमते. जेथे प्राणवायू कमी तेथे लोखंड अधिक खाल्ले जाते, हे ऐकून विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते. पण खरे तेच आहे. म्हणूनच मुठीच्या फटीत, खिळ्याच्या भोवती आणि क्षाराच्या पापुद्र्याखाली, जेथे हवा नीट पोहोचत नाही तेथे, पाते आधी खाल्ले जाते.

पहिल्या प्रकारचा डाग विरघळविता येतो. दुसऱ्या प्रकारचा डाग केवळ पोलाद घासूनच काढता येतो, कारण खळगा भरून निघत नाही. भोवतालचे पोलाद त्याच्या तळापर्यंत उतरवावे लागते. शिवाय पहिला डाग दुसऱ्याचा पाया घालतो. हे कसे, ते समजण्यासाठी आपल्या गावच्या पाण्याकडे आणि हवेकडे वळावे लागेल.

सुरतेचे पाणी आणि सुरतेची हवा

तापी मध्य प्रदेशात मुलताईपाशी उगम पावते, खानदेशातून वाहत सुरतेला येते आणि येथून थोड्याच अंतरावर अरबी समुद्राला मिळते. समुद्राच्या भरतीचे पाणी नदीत वर चढत येते. हे खारे पाणी अडावे आणि शहराला गोडे पाणी साठविता यावे म्हणून सिंगणपोर येथे १९९५ साली बंधारा बांधण्यात आला. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न बराच सुटला. तथापि किनाऱ्याकडच्या कूपनलिकांचे पाणी मचूळ असते आणि हवेतील खारेपणा तर कोणताही बंधारा अडवू शकत नाही.

मिठाचा एक गुण गृहिणींना चांगला ठाऊक आहे : पावसाळ्यात मीठ पाझरते. शुद्ध मिठाचा हा पाझर हवेची आर्द्रता सुमारे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की सुरू होतो. मॅग्नेशियम क्लोराइड हा क्षार तर आर्द्रता तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतानाच हवेतले पाणी ओढून घेतो. आषाढ-श्रावणात सुरतेची हवा या दोन्ही मर्यादा सहज ओलांडते. आता वस्तऱ्यावर वाळलेल्या थेंबाचा विचार करा. सकाळी दाढी झाली, पाते झटकले, थेंब वाळला आणि आपण म्हटले की पाते कोरडे झाले. प्रत्यक्षात थेंबातले फक्त पाणी गेले. क्षार तेथेच राहिला. संध्याकाळी हवा दमट झाली की तो क्षार हवेतून पुन्हा पाणी ओढतो आणि रात्रभर तेथे एक अदृश्य थेंब जागा राहतो. सकाळी तेथे तांबूस ठिपका दिसतो आणि आपण म्हणतो, "काल तर पाते कोरडे होते!" वाळलेले पाते आणि पुसलेले पाते यांत हा एवढा मोठा फरक आहे. वडिलांचा "मी चढू देत नाही" हा शब्द या फरकावर उभा होता. ते पाते कधीही वाळू देत नसत, ते पुसत असत.

घामात मीठ असते, रक्तात मीठ असते. दाढीनंतर गालावरून फिरविण्याची तुरटी हीदेखील एक क्षारच असून तिचे द्रावण आम्लधर्मी आहे. तुरटीने ओले झालेले बोट पात्याला लागले तर तेथे बोटाचा ठसा उमटतो आणि आठवड्याभरात तो कायमचा होतो. यास्तव तुरटी हाती घेण्यापूर्वी वस्तरा पुसून बाजूला ठेवावा.

डाग पडू नये म्हणून

नित्याची पद्धत अशी असावी. दाढी करताना वस्तरा मुठीपर्यंत पाण्यात बुडवू नये. फेस पुसण्यापुरते पात्याचे टोक ओले व्हावे आणि धुताना पाते खाली, मूठ वर धरावी, म्हणजे पाणी खिळ्याकडे वाहत जाणार नाही. दाढी संपल्यावर साबणाचा मळ गरम पाण्याने धुवावा. गरम पाण्याने पाते किंचित तापते आणि पुसल्यानंतर राहिलेला ओलावा लवकर उडतो. पाणी फार कठीण असेल तर शेवटचे धुणे मोटारीच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्याने करावे. त्यात क्षारच नसल्याने मागे राहण्यासारखे काही उरत नाही.

मग मऊ, जुन्या सुती कापडाने पाते पाठीकडून धारेकडे पुसावे; धारेच्या दिशेने येऊन धारेपलीकडे निघून जावे, धारेवर उलटे कधीही जाऊ नये. कापडाची सुरळी करून मुठीच्या आतून फिरवावी. त्यानंतर जाड सुती पट्ट्यावर पाते आठ-दहा वेळा फिरविले की धारेच्या टोकाचा उरलासुरला ओलावा निघून जातो. ओले पाते चामड्याच्या पट्ट्यावर मात्र फिरवू नये. त्याने चामडेही बिघडते आणि पातेही. इतके झाल्यावर वस्तरा अर्धा उघडा ठेवून तासभर हवेशीर जागी असू द्यावा. न्हाणीघरात ठेवू नये. तेथील वाफ हाच त्याचा मुख्य शत्रू आहे.

वस्तरा रोजच्या वापरात असेल तर एवढे पुरेसे आहे. चार-आठ दिवस पडून राहणार असेल, किंवा पावसाळा असेल, तर तेलाचा हात फिरवावा. शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल यासाठी उत्तम. ते सुकून चिकट होत नाही आणि त्यात आम्ल वाढत नाही. खोबरेल घरोघर असते आणि तात्पुरते चालते. परंतु जुने झाले की खवट होते व त्यात आम्लांश वाढतो, म्हणून महिनोन्महिने ठेवावयाच्या पात्याला ते लावू नये. जवसाचे तेल तर सुकून थर धरते, ते टाळावे. दीर्घकाळ ठेवावयाचे असेल तर व्हॅसलीनचा जाडसर थर सर्वांत भरवशाचा.

साठवणीच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे चामड्याच्या म्यानात वस्तरा ठेवणे. चामडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात शिल्लक असू शकतात. दुसरी चूक ध्यानातही येत नाही. जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असत. हे द्रव्य फार जुने झाले की कुजू लागते आणि त्यातून नत्राम्लाची वाफ सुटते. अशा मुठीत मिटून ठेवलेले पाते पाण्याचा थेंबही न लागता गंजते, आणि शेजारी ठेवलेले दुसरे पातेही त्यात सापडते. मुठीला तडे गेले असतील, उग्र वास येत असेल, तर मूठ काढून टाकणे हाच उपाय.

आणखी एक सावधगिरी. लवकर कोरडे व्हावे म्हणून पाते स्टोव्हवर किंवा दिव्यावर धरणारे लोक मी पाहिले आहेत. पात्याची पाठ तापायला वेळ लागतो, पण कागदापेक्षा पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळी झाक आली की त्याचे पाणी उतरले असे समजावे. मग कितीही पाजळले तरी धार टिकत नाही.

पडलेला डाग काढताना

डाग दिसला की हात लगेच घासण्याकडे जातो. प्रथम डाग ओळखावा. पांढऱ्या, ओलसर कापडाने तो हलकेच पुसून पाहावा. कापडावर काही न येता पांढुरके कडे राहिले, तर तो क्षार. कापडावर तांबूस रंग आला, तर तो जिवंत गंज. डाग करडा किंवा काळसर असून कापड स्वच्छ राहिले, तर ती लोखंडाच्या घट्ट ऑक्साइडची झाक आहे. ती गुळगुळीत असल्यास तशीच राहू द्यावी. जुन्या पात्याच्या त्या वर्णाला घासून लख्ख करण्याच्या हौसेपायी अनेक चांगली पाती झिजून गेली आहेत.

क्षारासाठी एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी यांत कापडाचा कोपरा भिजवून डागावर अर्धा मिनिट ठेवावा. लिंबाचा रसही चालतो. परंतु आम्ल क्षार विरघळविते तसे पोलादही खाते, म्हणून पाते त्यात बुडवून ठेवणे हा अपराध समजावा. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे, धुवावे, कोरडे करावे आणि तेल लावावे.

तांबूस गंज वरवरचा असेल तर धातू चमकविण्याची मळी मऊ कापडावर घेऊन चोळावी. पाते सपाट लाकडावर किंवा बुचाच्या पट्टीवर आडवे ठेवावे, बोटे पाठीच्या बाजूस राहतील अशी काळजी घ्यावी, आणि येथेही पाठीकडून धारेकडे असाच हात चालवावा. मजेची गोष्ट अशी की, या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली तांबडी पूड, जिला सराफ 'रूज' म्हणतात, ती स्वतः लोखंडाचे ऑक्साइडच आहे. अगदी बारीक केलेला गंज गंजालाच पुसून काढतो. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पूडही पट्ट्यावर लावतात. आपल्या सुरतेत तर याहून कठीण पूड सापडते. हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर लोखंडी चक्रावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावतात; हिरा हिऱ्यानेच घासला जातो. तीच भुकटी फार बारीक रूपात धारेसाठीही वापरतात. पण ती पोलाद झपाट्याने काढते, म्हणून डागासाठी तिचा मोह धरू नये.

गंज खोल गेला असेल तर अतिबारीक पॉलिश कागद बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून, तेल लावून, पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवावा. यंत्राच्या फिरत्या चाकावर पाते धरू नये. चाक पाते हिसकावून घेते, त्यात हात जातो; आणि हात वाचला तरी घर्षणाच्या उष्णतेने धार जाते.

धारेवरच खळगा पडला असेल तर घासण्याचा प्रश्न उरत नाही. तेथे निसणाच हवा. निसण्यावर पाते पाठीसह सपाट टेकवून, खळग्याचा तळ निघून जाईपर्यंत धार मागे न्यावी लागते. म्हणजे एका न पुसलेल्या थेंबापायी सबंध धारेची लांबी झिजवावी लागते. असे चार-सहा वेळा झाले की रुंद पाते अरुंद होते. जुन्या वस्तऱ्याची रुंदी पाहून त्याच्या धन्याच्या सवयी पुष्कळ अंशी ओळखता येतात.

डागापलीकडचा प्रश्न

गंजलेल्या वस्तऱ्याने धनुर्वात होतो, असा समज सर्वत्र आढळतो. धनुर्वात गंजाने होत नाही; तो मातीत आणि शेणात राहणाऱ्या जंतूमुळे होतो. परंतु गंजाचा खळगा मळ आणि रक्त दडवून ठेवतो, हे खरे. कावीळ-ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस आणि त्याहून अधिक काळही टिकून राहू शकतो. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी करणाऱ्याला म्हणून दोन विरोधी कर्तव्ये सांभाळावी लागत होती. जंतू मारण्यास उपयुक्त असणारे ब्लीचचे द्रावण कार्बनी पोलादाला झपाट्याने खाते. आणि पाते सांभाळावे तर गिऱ्हाइकाच्या प्रकृतीची हयगय होते.

हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्डलाच सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद ओतले, तेव्हा हा पेच सुटेल असे वाटले. पण क्रोमियमचा काही भाग कार्बनशी जखडला जातो आणि ओले ठेवले तर त्या पात्यावरही ठिपके पडतातच. किंग जिलेट यांना १९०४ मध्ये टाकाऊ पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले आणि घरच्या दाढीचे रूप पालटले. केशकर्तनालयात मात्र जुना वस्तरा बराच काळ टिकला. एड्स आणि काविळीविषयी जागृती झाल्यानंतर नाभिक बांधवांनी दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड घालण्याची पद्धत स्वीकारली. ती योग्यच झाली, हे मी एका वस्तऱ्यावर वाढलेल्या घरातला मुलगा असूनही निःशंकपणे सांगतो. अखंड पात्याचा वस्तरा आता एकाच माणसाच्या स्वतःच्या वापरासाठी असावा आणि तो दुसऱ्याला देऊ नये. ज्याला तो निर्जंतुक करावयाचा असेल त्याने स्पिरिटने पुसावा. स्पिरिट पाण्यात मिसळते, पाण्याला बरोबर घेऊन उडून जाते आणि मागे क्षार ठेवीत नाही.

पुरानंतरचे तीन वस्तरे

आता मी आरंभी ज्याचा उल्लेख केला त्या पुराकडे येतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले आणि अडाजणच्या आमच्या घरातही ते आले. तळमजल्यावर एका पत्र्याच्या पेटीत वडिलांचे तीन वस्तरे होते. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. पाणी ओसरल्यावर चिखलातून पेटी काढून उघडेपर्यंत पाच दिवस गेले.

एक वस्तरा मी स्वतः हौसेने चामड्याच्या नव्या म्यानात घातला होता. त्याचे पाते म्यानाला चिकटून बसले होते आणि धारेवर खळग्यांची ओळच्या ओळ होती. दुसरा नुसताच मिटलेला होता. त्यावर तांबूस थर होता, तो अजून वरवरचा असावा. मला धीर धरवला नाही. मी कोरड्या खरखरीत कागदाने तो खसाखसा घासला. गंज गेला, पात्यावरची शेफील्डच्या कारखान्याची कोरलेली अक्षरे गेली आणि धारही गेली. जन्मभर रसायन शिकविणाऱ्याने हे केले. तिसरा वस्तरा फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेला होता. ती चिंधी वडिलांनी बांधली होती आणि मी ती कधी सोडली नव्हती. तिच्याआड व्हॅसलीनचा जाड थर होता. तो पुसला तेव्हा पाठीजवळ दोन फिके डाग निघाले. बाकी पाते जसेच्या तसे. मी ते डाग काढले नाहीत.

संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायातील आरसा आणि चिमटा यांना विवेकाची आणि वैराग्याची रूपके केले. माझी तेवढी योग्यता नाही. मला या विषयातून एकच व्यवहाराची गोष्ट सांगता येते. पाते रोज पुसायला अर्धा मिनिट लागतो. न पुसलेल्या पात्याचा डाग काढायला तासभर लागतो, आणि त्या तासाच्या अखेरीस हाती येते ते पूर्वीपेक्षा लहान झालेले पाते असते. गुरुजींनी फळ्यावर जे सूत्र लिहिले ते लोखंडाचे काय होते हे सांगणारे होते. वडिलांचे वाक्य माणसाने काय करावे हे सांगणारे होते. गुरुजींनी ती दोन्ही एकाखाली एक लिहिली, हे त्यांचे मोठेपण.

तो तिसरा वस्तरा मी आज बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा. हातात घेतलात तर परत देताना पाते मात्र पुसून द्यावे, एवढी विनंती करतो.